शालूच्या वाटचं जेवण

बडनेऱ्याला उतरले तेव्हा नुकतंच उजाडलं होतं. गाडी मला फलाटावर ठेवून नागपूरकडे निघून गेली आणि अचानक सगळं शांत झालं. डिसेंबरचा कोरडा, बोचरा वारा होता. फलाटाच्या टोकाला संत्र्यांच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या, त्यांचा वास थंडीत मिसळून येत होता. अमरावतीला जायचं तर आमच्या गाडीच्या लोकांना इथे उतरावं लागतं. शहर इथून रिक्षाने गाठायचं. स्टेशनवर न्यायला येऊ नका असं मीच कळवलं होतं. तरी बाहेर पडताना मी चारदा इकडेतिकडे पाहिलंच.

"कुठी जाचं हाये मावशी?" रिक्षावाल्याने विचारलं. मी पत्ता सांगितला. बोलण्यावरून त्याने ओळखलं असावं. म्हणाला, "पुण्याच्या दिसता. पयल्यांदा आल्या काय अमरावतीले? मंग गिला वडा खाल्ल्याबिगर जाऊ नका. आन् पातोडीचा रस्सा."

मी हो म्हटलं. या शहरात काय काय खायचं ते मला पाठ होतं. गेली कित्येक वर्षं मी ते ऐकत आले होते.

ज्या मैत्रिणीकडून ऐकलं ती शालिनी. आम्ही दोघी पुण्यात एकाच कचेरीत, शेजारशेजारच्या टेबलांवर नोकरी केली. तिने लग्न केलं नव्हतं. माझं झालं होतं, पण मी फार लवकर एकटी पडले. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला जायचो. पुण्यातलं कुठलंही हॉटेल असो, पहिला घास घेऊन शालू म्हणायची, "बरं आहे. पण आमच्या अमरावतीला..." आणि पुढचा अर्धा तास मी समोरची भाजी खात अमरावतीचं जेवण जेवायचे. निवृत्तीनंतर ती इकडे भावाकडे राहायला आली. त्यानंतर मी पुण्यात एकदाही हॉटेलात जेवले नाही. एकटीने जाऊन बसायचं धाडसच झालं नाही.

मग तिच्या अन्ननलिकेचं दुखणं निघालं. नागपूरला उपचार झाले. शस्त्रक्रिया, मग किरणांचे शेक. ती वाचली, पण गिळणं गेलं. आता पोटाला बाहेरून थेट नळी बसवलेली आहे, तिच्यातून पातळ अन्न आत सोडायचं. तोंडाने फार तर घोटभर पाणी, तेही जपून. फोनवर ती हे सगळं कुणा दुसऱ्याचं सांगावं तसं सांगायची. ये म्हणून तिने कधी म्हटलं नाही. मीच तिकीट काढलं.

घर शहराच्या नव्या वस्तीत होतं. पुढे छोटी बाग, कढीपत्त्याचं झाड, दारात गाडी. दार वहिनींनी उघडलं. सुमनवहिनी म्हणजे शालूच्या थोरल्या भावाची बायको. त्यांनी माझी बॅग घेतली आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

शालू खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. अंगावर शाल. मी तिला ओळखलं ते कपाळावरून. बाकी चेहरा आत ओढला गेला होता. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय व मधू," ती म्हणाली. आवाज बसलेला, वाळूसारखा. "जाड झाली तू."

मी हसले आणि लगेच रडू आलं. पुण्यात ती अगदी पुस्तकी मराठी बोलायची, कारण तिचं वऱ्हाडी ऐकून लोकांना ती भांडतेय असं वाटायचं. इथे येऊन तिने ते पुस्तकी मराठी टाकून दिलेलं दिसलं.

दुपारी वहिनींनी मला खुणेनेच स्वयंपाकघरात बोलावलं. आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं, कडी घातली, आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. शालूचे भाऊ आधीच जेवायला बसलेले. त्यांना घरात सगळे दादाच म्हणतात. निवृत्त शिक्षक, मोर्शीकडे थोडी शेती आणि संत्र्यांची बाग. मान खाली घालून ते भराभरा जेवत होते.

"हळू बोला," वहिनी कुजबुजल्या. "तिले आवाज जाते."

ज्वारीची भाकरी होती, वांग्याची भाजी होती, सांभार (म्हणजे कोथिंबीर) पेरलेलं वरण होतं. फोडणी घरामागच्या अंगणात, वेगळ्या शेगडीवर दिलेली. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या, "पापड नाई दिला तुमाले. मोडला का आवाज होते."

दादांनी ताटात हात धुतला, पदार्थाचं नावही न घेता उठले आणि मागच्या दाराने बाहेर गेले. मी एकटी उरले. वहिनी माझं जेवण होईपर्यंत दाराला पाठ लावून उभ्या होत्या. चव आठवत नाही. चावताना भाकरीचा आवाज होऊ नये एवढंच मी पाहत होते.

शालूच्या खोलीत परत गेले तर तिने विचारलं, "काय जेवली?"

"साधंच. वरणभात."

"खोटं. वांगे होते." ती खिडकीबाहेर पाहत होती. "नाक शाबूत हाये माह्यं. सगळं कळते मले. सकाळी दादा टोस्ट खाते तेही कळते, न्हाणीघरात जाऊन खाते." बोलताना तिला मध्ये मध्ये थांबावं लागत होतं. "सात महिने झाले मधू. ह्या घरात सगळे चोरून जेवतात. कोणी काही बोलत नाई. भाजी आणली का पिशवी लपवतात. मी मेली असती तं निदान मोठ्यानं जेवले असते हे."

"असं बोलू नकोस."

"मंग काय बोलू?" ती माझ्याकडे वळली. "तू एक काम कर. उद्यापासून बाहेर जेवाले जाय. मी सांगतो तिथं. आन् येऊन मले सांग. सगळं सांगजो. आपण शनिवारी बोलत होतो तसं."

मला ते कसंतरीच वाटलं. तिच्यापुढे बसून आपण काय खाल्लं ते सांगायचं? पण तिने माझा हात धरला होता आणि तो ती सोडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राजकमल चौकाकडे गेले. चौकात इतक्या दिशांनी इतकी वाहनं येत होती की रस्ता ओलांडायला मला एका कॉलेजच्या मुलीचा हात धरावा लागला. शालूचं सगळ्यात आवडतं भोजनालय जवळच्या एका गल्लीत होतं. तिच्या सांगण्यात ते लाकडी बाकांचं, धुराने काळं झालेल्या भिंतींचं होतं. मी पोचले ते काचेच्या दारापाशी. आत गार हवा, भिंतीवर निळे दिवे, आणि मोठ्या फळ्यावर पनीरचे प्रकार.

"किती जण?" दारातल्या माणसाने विचारलं.

का कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "दोन. दुसऱ्या येताहेत."

त्याने मला खिडकीजवळचं चांगलं टेबल दिलं. दोन ताटल्या, दोन पेले. मी पाणी प्यायले, आणि समोरच्या भरलेल्या पेल्याकडे पाहत बसले. थोड्या वेळाने वेटर आला. "येऊन राह्यल्या ना त्या?"

"येतील. तुम्ही माझं आणा."

मी पातोडीचा रस्सा मागवला. पातोडी म्हणजे बेसनाच्या थापलेल्या वड्या, झणझणीत रश्शात सोडलेल्या. आला तो एका उभट वाडग्यात, वर मलईची नक्षी काढलेली. रस्सा गोडसर होता, काजू वाटून दाट केलेला. वडी चमच्याने उचलायला गेले तर तिचा लगदा झाला. भाकरी मागितली तर म्हणाले, तंदुरी रोटी मिळेल. आजूबाजूला लोक वाढदिवस साजरा करत होते, फोटो काढत होते. मी एकेक घास पाण्याबरोबर घेतला. वेटर दर वेळी जाताना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा. शेवटी त्याने तो दुसरा पेला उचलला आणि म्हणाला, "नाई आल्या वाट्टे."

"नाही," मी म्हटलं. "त्यांना जमलं नाही."

परत येताना मी ठरवलं, चांगलं होतं म्हणून सांगायचं. तिच्याकडे उरल्या आहेत त्या आठवणीच. त्या कशाला नासवायच्या? मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "छान होतं गं. अगदी तू सांगायचीस तसं."

"तर्री किती होती?" तर्री म्हणजे रश्शावरचा लाल तेलाचा तवंग.

"होती की. भरपूर."

"पातोडी बोटानं तोडली का चमच्यानं?"

"चमच्याने."

"तुटली?"

शालूने मान मागे टाकली. तिच्या घशातून एक विचित्र आवाज आला; मला वाटलं तिला काही होतंय. ती हसत होती.

"खरं सांग आता."

मी सगळं सांगितलं. मलईची नक्षी, निळे दिवे, रोटी. समोरच्या पेल्याचंही सांगितलं. पेल्याचं सांगताना ती हसायची थांबली. "कोण येणार होतं?" तिने विचारलं.

"तूच. आणखी कोण."

तिने अंगावरची शाल सारखी केली. मग म्हणाली, "मलई. पातोडीत मलई. त्या मालकाचा बाप असता तं पोराले झाऱ्यानं मारलं असतं." आणि पुन्हा हसायला लागली. हसून हसून तिला ठसका लागला. वहिनी धावत आल्या, तिची पाठ चोळायला लागल्या. शालू त्यांना म्हणाली, "ऐकलं काय वहिनी, पातोडीत काजू घातले त्यायनं."

वहिनींनी आधी माझ्याकडे असं पाहिलं की मी अपराधीच झाले. त्यांनी मला सांभाळून राहायला सांगितलं होतं आणि मी नेमकं उलट केलं होतं. पण शालू उत्तराची वाट पाहत होती. वहिनी म्हणाल्या, "काजू? कायले? कांदा-खोबरं भाजाले आळस येते काय त्यायले?" आणि बोलून झाल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला.

त्यानंतरचे दिवस असेच गेले. सकाळी नऊच्या सुमारास मी शालूने सांगितलेल्या गाड्यावर जाऊन उभी राहायचे. गिला वडा म्हणजे दह्यात बुडवलेला डाळीचा वडा, वर तिखट आणि चिंचेचं पाणी. तो खरोखर चांगला होता. दही थंड, वड्याचं पोट हलकं, आणि तिखट इतकं बेताबेताने चढणारं की ते चढलंय हे वडा संपल्यावर कळावं. गाड्याभोवती माणसं घोळक्याने उभी राहून खात होती, एकमेकांच्या द्रोणात डोकावत होती. मला कुणी ढकललं नाही, कुणी बोललंही नाही. मी द्रोण हातात धरून कडेच्या दुकानाच्या पायरीवर बसून खाल्लं.

एकदा दादांना नांदगाव पेठेला काम होतं, तेव्हा मीही गाडीत बसून गेले. तिथल्या कापडाच्या कारखान्यांसमोर कामगारांची एक खानावळ आहे. दादा म्हणाले, "तुमी जेवा, मले भूक नाई," आणि गाडीतच बसून राहिले. खानावळीत चून मिळालं. पुण्यात आपण पिठलं म्हणतो ते, पण याला हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा असा काही वास होता की मी नको म्हणत दुसरी भाकरी घेतली. वऱ्हाडात मी खाल्लेलं सगळ्यात चांगलं जेवण ते. पण त्या लांबलचक टेबलावर बसलेला जो तो आपापल्या फोनमध्ये पाहत जेवत होता. माझ्या शेजारच्या, ओरिसाहून की कुठून आलेल्या माणसाने गावाकडच्या बायकोला पडद्यावर ताट दाखवलं, आणि तिने तिकडून तिचं दाखवलं. मी माझ्या ताटाकडे पाहत राहिले. चांगलं जेवण असं एकटीच्या अंगावर येतं हे मला माहीत नव्हतं. वाईट जेवण सोसायला सोपं. निदान तक्रार सोबतीला असते.

शालूला मी दोन्ही सांगायचे. तिला वाईट जेवणं जास्त आवडायची. वहिनी दारात उभ्या राहून ऐकायच्या, मग आत येऊन पलंगाच्या कडेला टेकायच्या. गिल्या वड्याच्या दह्यावरून त्या दोघींचं चांगलंच वाजलं. पण स्वयंपाकघराचं दार जेवताना लागायचं ते लागायचंच. आणि दादा आमच्या गप्पा सुरू झाल्या की बागेत निघून जायचे.

माझं परतीचं तिकीट जवळ आलं तेव्हा शालू म्हणाली, "अकोल्याले जाऊ. रोडगे खाले. मीही येतो."

तिचं कॉलेज अकोल्याला झालं होतं, मामाकडे राहून. परीक्षा संपली की मामा तिला गावाबाहेरच्या एका ठिकाणी रोडगे खायला न्यायचे. रोडगे म्हणजे कणकेचे थराथरांचे गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. फोडून वर तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी.

"काही गरज नाई," दादा म्हणाले. मी तिथे असताना त्यांनी इतक्या मोठ्याने बोललेलं पहिलंच वाक्य. "एवढ्या लांबचा प्रवास. आन् तिथं जाऊन काय करशीन तू? पाहत बसशीन?"

"व्हय. पाहत बसीन."

"मले नाई जमत," ते म्हणाले आणि बागेत गेले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसून तेच दारात उभे होते. वहिनींनी पिशवी भरून दिली: गाळून पातळ केलेली डाळ-भाताची पेज थर्मासमध्ये, दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज, पुसायला फडकी. सगळं कसं द्यायचं ते त्यांनी मला दाखवून ठेवलं होतं.

मूर्तिजापूरकडून रस्ता सरळ जातो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, भेगाळलेली. कपाशीची दुसरी वेचणी चालली होती. बायका कमरेला ओटे, म्हणजे कापूस भरायच्या झोळ्या, बांधून वाकलेल्या. तुरीला पिवळा फुलोरा होता. शालू पुढच्या सीटवर होती. तिने काच खाली केली आणि चेहरा वाऱ्यात धरला. "तूर यंदा चांगली हाये दादा," ती म्हणाली. दादांनी नुसतं हुं केलं.

अकोल्याच्या अलीकडेच ते ठिकाण लागलं. पूर्वी झोपडी होती म्हणे. आता पत्र्याचं लांब छत, खाली टेबलं, मागे गोवऱ्यांचा धूर. दादांनी गाडी निंबाखाली लावली. "तुमी जा. मले भूक नाई."

मी शालूला धरून आत नेलं. जागा भरलेली होती; दुपारची वेळ, बरीच कुटुंबं आलेली. आम्ही कडेचं टेबल घेतलं. मी एक ताट सांगितलं. वाढणाऱ्या माणसाने विचारलं, "ताईले काय आणू?"

"माह्यं मी घेऊन आली," शालू म्हणाली.

ताट आलं. रोडगा फोडला तर आतून वाफ आली, राखेचा आणि गव्हाचा वास घेऊन. शालूने डोळे मिटले. मी पहिला घास घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "सांग."

"वरून कडक आहे. आत मऊ. थर सुटतात. भाजी तिखट आहे, पण गोडसर वांगं आहे."

"तूप?"

"अजून घालायला हवं होतं."

ती समाधानाने मान हलवत होती. मग म्हणाली, "माह्याही जेवणाची वेळ झाली. इथंच घेतो. सोबत." तिने शाल बाजूला केली आणि सदऱ्याची खालची दोन बटणं काढली. मी थर्मास उघडला, सिरिंज नळीला जोडली आणि उंच धरून तिच्यात पेज ओतली. पेज हळूहळू उतरायला लागली. आम्ही दोघी त्या उतरणाऱ्या रेषेकडे पाहत होतो. मला वाटलं, आपण पुन्हा एका टेबलावर जेवतो आहोत.

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं. आईने लहान मुलीचं डोकं दुसरीकडे वळवलं. वडील उठून काउंटरकडे गेले. मी ते पाहिलं. शालूने पाहिलं नाही असं मला वाटलं. मग तिथला मॅनेजर आमच्यापाशी आला. चांगला सभ्य माणूस, हात जोडून उभा राहिला.

"ताई, राग मानू नका. मले काही नाई. पण लोक जेवून राह्यले ना. मागं एक खोली हाये आपली. तिथं बसा, आरामात. पंखा लावून देतो."

मला काहीतरी तोडून बोलायचं होतं, पण हातात सिरिंज होती आणि ती हलवता येत नव्हती. शालूने शांतपणे त्याच्याकडे पाहिलं.

"मागच्या खोलीतूनच आली मी, भाऊ," ती म्हणाली.

त्याला ते कळलं नाही. कसं कळणार? तो तसाच उभा राहिला. शालूने नळीला चिमटा लावला, सिरिंज काढून फडक्यात गुंडाळली, बटणं लावली आणि उठली. चालताना ती टेबलांच्या कडा धरत होती. मी ताटाकडे पाहिलं. मॅनेजर ओशाळून म्हणाला, "बांधून देतो." त्याने चार रोडगे, भाजी, वरण बांधून दिलं आणि आमच्यामागे गाडीपर्यंत येऊन पिशवी माझ्या हातात दिली. मग परत गेला.

दादांनी आम्हाला येताना पाहिलं आणि दार उघडलं. "काय झालं?"

"काही नाई. आतमंधी जागा नव्हती," शालू म्हणाली. "अर्धं जेवण राह्यलं माह्यं. तेवढं देऊन दे."

मी मागच्या सीटवरून प्रयत्न केला. पुढच्या सीटच्या मधून हात पोचत होता, पण सिरिंज उंच धरता येत नव्हती. पेज उतरेना. शालू म्हणाली, "दादा, तू धर."

दादांनी ती नळी त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती. हे मला नंतर वहिनींनी सांगितलं. वेळ झाली की ते घराबाहेर जायचे. आता पळायला जागा नव्हती. त्यांनी डावा हात लांबवला, सिरिंज धरली, छतापर्यंत उंच केली. मी पेज ओतली. ती उतरायला लागली तसे ते तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

गाडीत रोडग्यांचा वास भरला होता. शालूने मला पिशवीतून एक काढायला सांगितला, तो स्वतःच्या हाताने फोडला, तुपाची पुडी त्याच्यावर रिकामी केली आणि भावापुढे धरला.

"एक हात मोकळा हाये ना तुह्या. खाय."

"शालू, नको."

"सकाळपासून पोटात काही नाई तुह्या. मले माहीत हाये. न्हाणीघरातही नाई गेला आज तू."

दादांचा चेहरा कसनुसा झाला. तिला ते माहीत आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं. त्यांनी रोडगा घेतला. एक घास तोंडात घातला आणि तो त्यांना गिळता येईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डावा हात वर, त्यात सिरिंज. उजव्या हातात रोडगा. पुसायला हात नाही. शालूने शालीच्या टोकाने त्यांचा चेहरा पुसला, हनुवटीवरचं तूपही पुसलं.

"चाव," ती म्हणाली. "मोठ्यानं चाव. कडक हाये ना तो?"

"हाये," दादा म्हणाले.

"मामाच्या वक्ताले होता तसाच?"

त्यांनी चावलं. खूप वेळ चावलं. "नाई," ते शेवटी म्हणाले. "तेव्हा जास्त भाजत होते."

"तेच मले वाटे वासावरून," शालू म्हणाली.

मी मागच्या सीटवर माझा रोडगा खाल्ला. तो आता थंड झाला होता. ते दोघं वरणात हिंग होता की नाही, मामा किती रोडगे खायचे, असलं काहीबाही बोलत होते, आणि मी त्यात नव्हते. मला आनंद झाला होता. पण खरं सांगायचं तर, इतक्या दिवसांत पहिल्यांदा शालूने मला काय खाल्लं ते विचारलं नाही, आणि ते मला लागलंही.

निघताना वहिनींनी डबा दिला. शालू दारापर्यंत आली. "पुन्हा ये" म्हणाली नाही. ती कधीच म्हणत नाही. "पोचली का फोन करजो," एवढंच. दादा मला बडनेऱ्यापर्यंत सोडायला आले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले. मोर्शीच्या बागेतली संत्री त्यांनी माझ्या सीटखाली ठेवली होती. मी ती सोलली नाहीत. गाडीच्या डब्यात माझ्यासमोर कुणीच नव्हतं, आणि एकटीने संत्र्याचा वास उठवायचा धीर होईना.

आता पुण्यात येऊन बरेच दिवस झाले. वऱ्हाडात कुठे कुठे जेवलात, जागा सांगा, असं लोक विचारतात. मी जरा गोंधळतेच. चांगलं मिळालं तिथे मी उठायची घाई केली, आणि अर्ध्यावर उठवलं तिथलं जेवण अजून जिभेवर आहे. यावरून कुणाला कुठे पाठवणार?

शालू बरी होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. वहिनींशी फोन होतो. त्या घरी आता स्वयंपाकघराचं दार उघडं असतं. काही दिवस शालू त्यांच्यात येऊन बसते, भाजीवर शेरे मारते. काही दिवस तिला सोसत नाही आणि ती स्वतःच उठून तिच्या खोलीचं दार लावून घेते. मग बाहेर सगळे गप्प जेवतात.

परवा संध्याकाळी वहिनींचा फोन आला आणि मधेच कुकरची शिट्टी झाली म्हणून त्या उठून गेल्या. फोन तिथेच टेबलावर राहिला, चालू. मी ठेवणार होते. पण तिकडून ताटांचा आवाज यायला लागला. दादांनी कुणाला तरी लिंबू मागितलं. खुर्ची सरकली. मी माझा फोन ओट्यावर ठेवला, आवाज वाढवला आणि पातेल्यातली खिचडी ताटलीत घेऊन तिथेच उभ्याने खायला लागले. बराच वेळ तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती माणसं जेवत होती, आणि मी ऐकत होते.

मग अगदी जवळून बसका आवाज आला. "मधू? चमच्याचा आवाज येते तुह्या. जेवून राह्यली काय?"

"हो."

"काय हाये?"

"मुगाची खिचडी."

"कशी झाली?"

मी एक घास नीट चावून पाहिला. "अळणी झालीय गं. मीठ विसरले."

"मंग घाल ना," शालू म्हणाली. "आन् बस खाली. उभ्यानं काहून खाते?"

मी मिठाचा डबा काढला आणि खुर्ची ओढून घेतली.